मामांबरोबरची फेरी

दादा दिवसभर टेबलाला डिंक लावल्यासारखा चिकटलेला असे. पुस्तकं त्याने पिवळ्या पेनाने अशी रंगवली होती की कोरी ओळ शोधावी लागे. तरी मार्कांच्या नावाने बोंब! धाकटी बहीण त्याच्याच कॉलेजात शिकायची. संध्याकाळ झाली की ती पुस्तक मिटून मामांबरोबर फिरायला जाई, रात्री ढाराढूर झोपे, आणि वर्गात पहिली येई. हे काय गौडबंगाल आहे, या विचाराने दादाला स्वस्थ बसवेना. एकदा तो गुपचूप दोघांच्या मागे निघाला.

बहीण हातवारे करत मामांना हृदयातून रक्त कसं फिरतं ते समजावत होती. मध्येच ती अडखळली. "थांबा मामा, इथेच माझं घोडं पेंड खातंय," म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मामा कौतुकाने मान डोलावत होते. त्यांची सगळी हयात यंत्रमागावर गेली होती. त्या खडखडाटात कान कधीच गेले होते, आणि कानातलं मशीन ते फिरायला येताना घरीच ठेवत.

दादाला राहवलं नाही. तो पुढे होऊन म्हणाला, "अगं वेडे, मामांना यातलं एक अक्षर ऐकू येत नाही!"

"माहितीये की. पण मला येतं ना," ती म्हणाली. "बरं, आता तू सांग. आज दिवसभर काय वाचलंस?"

दादाने तोंड उघडलं. मामा मान डोलवायला सज्ज झाले, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.