एकतीस चालींतली मात

चार महिन्यांपूर्वी जिला दोन चालींचं साधं कोडंही बिनचूक रचता आलं नव्हतं, तिनं आता एकतीस चालींत मात देणारी रचना स्पर्धेला पाठवली होती. भगवंतरावांना ते पटेना.

मूळचे निपाणीचे भगवंतराव चाळीस वर्षं बेंगळुरूत होते. निवृत्तीनंतर मल्लेश्वरमच्या घरी बसून ते बुद्धिबळाची कोडी रचत आणि एका छोट्या मंडळाच्या वार्षिक स्पर्धेचं परीक्षण करत. दुसऱ्याच्या रचनेतली दोन प्यादी हलवून ती आपल्या नावानं खपवणारे दोघे त्यांनी आजवर पकडले होते. मंडळात नव्यानं आलेली, त्यांना आपली कोडी दाखवणारी ही सुप्रीता तिसरी, असं त्यांच्या मनानं घेतलं.

त्यांनी रचना कॉम्प्युटरला घातली. दोन दिवसांनी उत्तर आलं: मात सापडत नाही. मग तिनं सोबत पाठवलेलं उत्तर त्यांनी पटावर एकेक चाल मांडून पाहिलं. मात होत होती. काळ्याला कुठंच सुटका नव्हती.

म्हणजे कॉम्प्युटरला दिसलं नाही ते हिला दिसलं? इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या तिच्या कंपनीत मोठाली यंत्रं असणार. त्यांतूनच उचललेलं हे. त्यांनी पुण्याच्या सहपरीक्षक रणजीतला मेल केला, "रचना तिची नाही. चोरीची आहे, बाद करावी." आणि मग सुप्रीताला फोन केला. "शनिवारी घरी ये. लॅपटॉप आणू नकोस."

ती मेट्रो बदलून आली. तिशीची, खानापूरची. पाण्याचा पेला तिनं हातात घेतला, पण प्यायली नाही.

पट मांडलेलाच होता. "पांढरा राजा सरळ का जात नाही? एवढा फेरा कशाला?"

"अण्णा, काळा राजा दोन घरांत ये-जा करत राहतो. पण पांढरा राजा या जागी असताना पाळी काळ्यावर आली, तर त्याच्याकडे फक्त या प्याद्याच्या चार चाली मोकळ्या आहेत. बाकी काही हलवलं की तो लगेच हरतो. पांढरा राजा सात चालींत फिरून त्याच जागी येतो, पण आता खेळायची पाळी काळ्यावर असते. त्याला प्यादं ढकलावंच लागतं. असे चार फेरे. प्यादं संपलं की तीन चालींत मात."

"मग माझ्या कॉम्प्युटरला का दिसलं नाही?"

"तो सगळेच फाटे चाचपत बसतो. मी त्याला तुकडे पाडून विचारलं. आधी शेवटच्या तीन चाली, मग एक फेरा मागे, मग आणखी एक."

भगवंतरावांनी कोपऱ्यातल्या पांढऱ्या प्याद्यावर बोट ठेवलं. साऱ्या खेळात ते हलतच नव्हतं. "आणि हे?" आता सापडली, असं त्यांना वाटलं.

तिनं ते प्यादं उचलून पुन्हा तिथंच ठेवलं. "ते माझं नाही. ते नसताना, तसंच तुकड्यांनी विचारल्यावर कॉम्प्युटरनं एकोणतीस चालींची दुसरी वाट काढली, आणि दोन वाटा असल्या की कोडं बाद. ती बंद कशी करायची, हेही त्यालाच विचारलं. या प्याद्यानं ती का बंद होते, मला अजून कळलेलं नाही."

भगवंतराव तिच्या तोंडाकडे बघत राहिले. चोरानं इथं काहीतरी ठोकून दिलं असतं.

"आता मी विचारू?" सुप्रीता म्हणाली. "तुम्ही मला चोर ठरवलंय. तुमचा मेल रणजीत सरांनी मंडळातल्या पाचही जणांना पाठवला. त्यांतल्या एकानं मला सांगितलं. मग बोलावलंत कशाला?"

'तसं म्हणायचं नव्हतं' हे ओठांवर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं आणि कॉम्प्युटर उघडला. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं, "माझ्या संशयाला काही आधार नव्हता. रचना सुप्रीताचीच आहे. एक प्यादं यंत्रानं सुचवलं, हे तिनंच सांगितलं."

"'चोर म्हटलं ही चूक झाली' असंही लिहा."

त्यांनी लिहिलं आणि मेल पाचही जणांना गेला. तिनं पेला टेबलावर ठेवला. "सरी, बरं, येते," म्हणून ती निघून गेली.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं, पण समारंभाला ती आली नाही. पुढच्या वर्षी तिनं रचना पाठवताना मंडळाला कळवलं, परीक्षण भगवंतरावांनी करू नये. मंडळानं ते मानलं. भगवंतरावांना लागलं, पण ते कुणाशी काही बोलले नाहीत. रचना छापून आल्यावर त्यांनी ती पटावर मांडली आणि कॉम्प्युटर न लावता सोडवायला बसले. अकरा दिवस लागले.