कागदावर न उतरलेला आवाज

मी माईक बोलतोय. जन्मभर लोक माझ्या तोंडाशी तोंड आणून बोलले आणि मी आपला ऐकत राहिलो. आज पहिल्यांदा माझी पाळी आलीय. सावकाश सांगेन. मला अक्षर येत नाही, शिकायला कुणी बसवलंच नाही. कानावर पडलं तेवढंच माझं शिक्षण.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. तिथली बाई आम्हा भावंडांना एकेक करून तारेला जोडायची, बोटाने टिचकी मारायची आणि विचारायची, "येतंय का ऐकू?" मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. जगात आल्याआल्या कुणीतरी आपल्याला काही विचारतंय, याचं मला फार बरं वाटलं.

पुढे खोक्यात बसून मी दोघी बहिणींच्या दुकानात आलो. टाइपिंगचं दुकान. जिना चढून वर गेलं की दोन टेबलं. खिडकीजवळ थोरलीचा टाइपरायटर, आतल्या बाजूला धाकटीचा नवाकोरा कॉम्प्युटर. धाकटी थोरलीला ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणतो.

कॉम्प्युटर बसवणाऱ्याने मला पडद्याच्या डोक्यावर चिकटवलं आणि माझी करामत दाखवली. लिहिता लिहिता थांबायचं आणि माझ्यात बोलायचं. मजकुरात त्या जागी एक इवलासा भोंगा उमटतो. त्यावर दोनदा क्लिक केलं की बोललेलं जसंच्या तसं ऐकू येतं. मात्र मिनिटभरच हं. आवाज फार जागा खातो, त्यामुळे मिनिट झालं की मशीन आपणहून गप्प.

ताईचे यजमान, म्हणजे धाकटीचे भावजी, रोज दुपारी डबा घेऊन यायचे. त्यांना तर मी खेळणंच सापडलो. एका पंपाच्या माहितीपुस्तिकेत त्यांनी आपली शिंक भरून ठेवली आणि ती फ्लॉपीतून थेट गिऱ्हाइकाकडे पोचली. ते बिचारं विचारत आलं, की पंपाला सर्दी झालीय का.

चार दिवस कौतुक झालं, मग सगळे मला विसरले. ताई माझ्या मानेला चष्मा अडकवायची. मी राग धरला नाही. काहीतरी उपयोग होत होता ना.

मग तो वाईट दिवस आला. एका प्राध्यापिकेचा प्रबंध धाकटीने महिनाभर खपून जुळवत आणला होता. ऐन वेळी मशीन अडलं आणि ताई गिऱ्हाइकासमोरच म्हणाली, "तिच्या खेळण्याचं काही खरं नसतं. द्या इकडे, मी करते." धाकटी त्यावर काही बोलली नाही. नंतरही बोललीच नाही. परगावच्या एका ऑफिसात तिने नोकरी धरली आणि आठवडा संपला की निघायचं ठरवलं.

अबोला असा, की एक सकाळी येई, दुसरी दुपारी. ताई कॉम्प्युटरवर दिवसाची कामं लिहून ठेवी. धाकटी तो मजकूर कागदावर छापूनच वाचे. पडद्यावर वाचलं की तिचे डोळे दुखत. बाकी निरोप भावजींकडे. "मी घरातला माणूस आहे की पोस्टमन?" असं ते म्हणायचे. पण दोघींचे निम्मे टोमणे ते वाटेतच सांडून येत.

शेवटचे दोन दिवस उरले तेव्हा ताई सकाळी मशीनसमोर बराच वेळ नुसतीच बसली. परक्यांची ढीगभर पानं टाइप केलेली बाई, पण स्वतःच्या दोन ओळी बोटांतून उतरेनात. शेवटी तिने माझ्या मानेवरचा चष्मा काढला, रुमालाने माझी धूळ पुसली आणि बोलायला लागली.

आता ताईचं बोलणं म्हणजे मुद्द्यापर्यंत जायला चार गल्ल्यांचा वळसा. धाकटीला लहानपणी आलेल्या तापापासून तिने सुरुवात केली; मिनिट संपलं. पुन्हा धरलं, तर त्या दिवशी आपलं डोकं किती दुखत होतं यातच संपलं. तिसऱ्यांदा सगळं खापर भावजींच्या डोक्यावर फोडून झालं. चौथ्यांदा ती नुसतं "चिमणे…" म्हणाली, लहानपणी धाकटीला हाक मारायची तशी, आणि रुमाल डोळ्यांना लावला. उरलेलं मिनिट मी तिचा श्वास ऐकला आणि पंख्याची करकर. म्हण की गं पुढे, असं सांगावंसं फार वाटलं.

पुसायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं. चारही भोंगे तसेच ठेवून ती जिना उतरली.

दुपारी धाकटीने सवयीने कागद छापला. कोऱ्या कागदावर ओळीने चार भोंगे, बाकी काही नाही. ती लालबुंद झाली.

"मी भोंगा काय? तोही चार वेळा?" म्हणाली आणि आपला खण रिकामा करू लागली.

एवढ्यात भावजी आले. त्यांनी तो कागद उचलला, कानाला लावला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "कागद तर गप्पच आहे गं. मशीनला विचारून बघ."

धाकटीचा हात थांबला. मग ती बसली आणि एकेक भोंगा ऐकू लागली. पहिल्याला कपाळावर आठ्या होत्या, दुसऱ्याला जरा सैल झाल्या, तिसऱ्याला ती भावजींकडे बघून हसली. चौथ्याला "चिमणे" ऐकलं आणि हसू जागच्या जागी थांबलं. पुढे नुसता श्वास आणि पंखा. तरी तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि पुन्हा लावलं. भावजी डबा हातात धरून खिडकीतून रस्ता बघत राहिले.

मग ती माझ्याकडे झुकली आणि दोनच वाक्यं बोलली. पाचवा भोंगा उमटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने तो पाहिला. तिला बोलणं भरता यायचं, ऐकायचं कसं ते भावजीच लावून देत. ती माझ्या अगदी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काय म्हणाली रे ती? जाते म्हणाली का?"

ऐकलेलं सगळं माझ्यापाशी होतं आणि एक शब्द परत देता येईना. असा हतबल मी कधी झालो नव्हतो.

उत्तर दारातून आलं. धाकटी त्या दिवशी सकाळीच आली होती.

"प्रबंध दोघी मिळून पुरा करू, असं म्हणाले मी. आणि त्या ऑफिसला येत नाही म्हणून कळवते म्हणाले. आता सरक, मला बसू दे."

ताईने नाक पुसलं. "मला चार मिनिटं पुरली नाहीत, आणि तुझं एवढ्यात झालं?"

आता नव्या मशीनच्या पोटातच माईक असतो. मी खालच्या खणात, जुन्या किल्ल्या आणि वाळलेल्या पेनांच्या सोबतीला आहे. दोघींचे केस पांढरे झालेत. समोरासमोर बसतात आणि दिवसभर भांडतात. मध्येच गप्प झाल्या की मला धास्ती वाटते. मग कुणीतरी "चहा करू का गं" म्हणतं आणि माझा जीव भांड्यात पडतो.

तुमचंही कुणाशी काही बोलायचं राहिलं असेल, तर माझ्यासारख्याच्या भरवशावर राहू नका. समोर जा आणि बोला. आणि माझ्यासाठी एवढंच करा, हा खण बोटभर उघडा ठेवा. ताई आत्ताच त्या लहानपणीच्या तापापासून काहीतरी सांगायला बसलीय, आणि आता तिला अडवायला मिनिट नाही.