घर नंबर त्रेसष्टची माणसं

सार्वजनिक आरोग्याच्या वर्गातली मुलं प्लेसमेंटसाठी, म्हणजे सहा आठवड्यांच्या प्रत्यक्ष कामासाठी, जगभर पांगली. कोणी मलावीला गेलं, कोणी पेरूला, कोणी नेपाळच्या डोंगरात. दीपमालानं मात्र तेलंगणातलं आपलं आदिलाबाद मागून घेतलं. इंग्लंडातल्या त्या विद्यापीठाच्या लेखी आदिलाबाद हाही परदेशच, त्यामुळे तिलाही सगळे सोपस्कार चुकले नाहीत. तिनं विषमज्वराची लस टोचून घेतली, सापांवरचं तासाभराचं व्याख्यान ऐकलं, आणि स्थानिक पाणी उकळल्याशिवाय पिणार नाही असं लिहून दिलं. ज्या हापशीचं पाणी पिऊन ती वाढली, त्या हापशीला हे कळलं असतं तर तिनं दांडा उगारला असता.

खरं कारण तिनं कुठल्याच फॉर्मवर लिहिलं नव्हतं. तिला सहा आठवडे घरी झोपायचं होतं. बाप ती सातवीत असताना गेला, तेव्हापासून घरात माय-लेकी दोघीच. आणि आता दोन वर्षांत एकदाही येणं जमलं नव्हतं. तिकडं भाकरी नाही, अंबाडीची भाजी नाही, याचं दुःख होतंच, पण ते सोसण्यासारखं होतं. सोसवत नव्हतं ते सकाळी जाग येणं. कोणीतरी 'दीपे, ऊठ व' म्हणून पाठीत धपाटा घालावा, एवढ्यासाठी तिचा जीव तुटायचा.

तिच्या फोनमध्ये एक पत्र होतं, त्याबद्दल मायला ठाऊक नव्हतं. विद्यापीठानं तिला तीन वर्षांची नोकरी देऊ केली होती. प्लेसमेंट संपायच्या आत होकार कळवायचा होता. होकार द्यायचा हे तिनं जवळजवळ ठरवलं होतं. त्या 'जवळजवळ'नंच तिची झोप उडवली होती.

जैनथच्या, म्हणजे तिच्या गावच्या, स्टॉपवर बस थांबली तेव्हा पंचफुला, म्हणजे तिची माय, आशा कार्यकर्तीच्या साडीत उभी होती. दीपमाला धावत गेली. पंचफुलानं दोन पावलं मागं सरून दोन्ही हात जोडले आणि शेजारच्या नर्सबाईला म्हणाली, "प्रतिभा मॅडम, ह्या त्या विद्यापीठाच्या मॅडम. आपले रजिस्टर तपासाले आल्या."

"माय, मी हाय!"

"माहीत हाय मले. ड्युटीवर हायेस ना? मीबी ड्युटीवर हाय."

दीपमालाला हसू आलं. घरी गेल्यावर मात्र ते जिथल्या तिथं विरलं. घरात नवी खुर्ची होती, विकतच्या पाण्याचा मोठा कॅन होता, पोह्यांच्या ताटलीत चमचा होता. पंचफुलाच्या अठरा वर्षांच्या नोकरीत तपासणीला आलेल्या साहेबांची जशी सरबराई झाली, तशीच लेकीची झाली. ती भांडी घासायला उठली की माय हातातून भांडं काढून घ्यायची. "राहू दे, थकून आल्या तुमी." तुमी! पोटच्या पोरीला तुमी! दीपमाला उताणी पडून छताच्या पत्र्याकडं पाहत राही, आणि आपण घरी आलोत की घराच्या दारापर्यंतच आलोत हे तिला कळेना.

वर्गाच्या ग्रुपवर पेरूचा मुलगा रोज लिहायचा, घरची आठवण येते. मलावीची मुलगी दिवस मोजत होती. दीपमालालाही लिहावंसं वाटे की मलाही येते. पण घरात बसून घरची आठवण येते म्हटल्यावर लोकांनी तिलाच डॉक्टर दाखवला असता.

काम तसं सोपं होतं. आशाच्या रजिस्टरात गावातल्या प्रत्येक घरातली माणसं लिहिलेली असतात. रकाने तेलुगूत छापलेले, आतली नावं पंचफुलाच्या ठसठशीत मराठी अक्षरांत. दर सहा महिन्यांनी आशानं घरोघर जाऊन प्रत्येक नावापुढं 'हजर' लिहायचं किंवा नाव खोडायचं. गेले सहा महिने ज्याचं जेवण आणि अंथरूण त्या घरात असेल, तोच त्या घरचा माणूस. लस किती लागेल, गोळ्या किती लागतील, सगळं या आकड्यावर ठरतं. दीपमालानं चिठ्ठ्या टाकून वीस घरं निवडायची आणि रजिस्टर खरं बोलतं का ते पाहायचं.

चिठ्ठ्या उचलताना विसावी आली त्रेसष्ट नंबरची. पंचफुला चटकन म्हणाली, "ते ठेव. दुसरी काढ."

"काऊन? निघालेली चिठ्ठी वापस टाकता येत नाई, माय. नियम हाय."

"आपलंच घर हाय ते. आपल्या घरात काय पाह्यतं?"

पण नियम म्हटल्यावर पंचफुलानं ती चिठ्ठी बाकीच्या एकोणिसांत ठेवली. नियमापुढं ती कधीच बोलत नसे.

कापूस वेचणीचे दिवस होते. माणसं रानात निघून जायच्या आत, सकाळीच गाठावी लागत. एकोणीस घरं झाली आणि एकोणीसच्या एकोणीस घरांत रजिस्टर तंतोतंत जुळलं. प्रतिभा नर्स कौतुकानं म्हणाली, "पंचफुलाचं रजिस्टर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." दीपमालाची छाती अभिमानानं भरून आली.

त्या रेघेची दुसरी बाजू तिला कळली होती ती त्या एकोणिसांतल्याच एका घरी, रुक्माबाईच्या ओट्यावर. रुक्माबाई एकटी राहायची. तिची मयूरी लग्न होऊन वांकिडीला गेली त्याला दोन वर्षं झाली.

"घरात माणसं किती, मावशी?"

"लिही एक. दोन म्हणलं तर तुही माय ऐकते काय?" रुक्माबाई फणकारली. "मयूरीचं नाव खोडलं तिनं. मी पाया पडली, म्हणलं राहू दे व, नाव राह्यल्यानं कोणाचं काय खाते? तं म्हणते, जिचं अंथरूण इथं नाई, तिचं नाव इथं नाई. पट्टी ठेवून रेघ मारली बाईनं. गावातून गेलेल्या एकाबी पोरीचं नाव ठेवलं नाई. मन हाय का दगड?"

दीपमालानं मायची बाजू घेतली. आकडा चुकला तर काय काय चुकतं ते तिनं रुक्माबाईला नीट समजावलं. रुक्माबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुले लेक झाली का मंग सांगजो."

विसावं घर शेवटच्या दिवशी उरलं. पंचफुला उंबऱ्यावर बसली, पदर खोचून, एखाद्या परीक्षेला बसावं तशी. दीपमाला समोर खुर्चीवर. तिनं फॉर्म काढला.

"घरात माणसं किती?"

"दोन."

"माय, गेले सहा महिने इथं जेवली-झोपली तेवढी."

"दोनच."

दीपमालानं रजिस्टर उघडलं. घर नंबर त्रेसष्ट. पहिली ओळ पंचफुलाची. दुसऱ्या ओळीत ती स्वतः होती. बावीस वर्षं, खोडून तेवीस, खोडून चोवीस. पुढं दर सहामाहीला 'हजर', 'हजर', 'हजर', 'हजर'. तिकडं ती बर्फात बूट रुतवत बसस्टॉपवर उभी होती तेव्हाही इथं ती हजर होती. आईनं तिचे वाढदिवससुद्धा चुकवले नव्हते.

तिचे डोळे भरून आले. सहा आठवडे तिला वाटत होतं की या घरानं आपल्याला पाहुणी करून टाकलं. आणि इथं तर घरानं तिला एक दिवसही बाहेर सोडलं नव्हतं.

"माय, हे चुकीचं हाय."

"माहीत हाय."

"रुक्मा मावशीचं खोडलं ना तू?"

"सगळ्यायचं खोडलं." पंचफुला खाली पाहत बोलली. "आपल्या घरी आली, पट्टी ठेवली, अन् हात उठेचना. चार खेपा असंच झालं. तू बी.पी.चं मशीन धाडलं, चष्मा धाडला, रोज फोन करते. पण एक लिहिलं का मी एकटी झाली ना, दीपे. दोन लिहिलं का कोणी तरी यायचं राह्यलं हाय, असं वाटे. सैपाक करताना, दार लावताना. म्हणून ठेवलं." मग तिनं मान वर केली. "तू आली त्या दिवसापासून भेवून राह्यली मी. म्हणलं, तपासणीवाली हाय, पाह्यलं तर काय म्हणन. म्हणून लांब लांब राह्यली."

दीपमाला खुर्चीवरून उतरून मायपाशी जमिनीवर बसली. फॉर्मवर 'जुळते' या शब्दापुढं बरोबरची खूण केली असती तर कोणाला कळणार होतं? इंग्लंडात तर नक्कीच कोणाला नाही.

"एक सांग," पंचफुला म्हणाली. "खरं सांगजो. कोर्स झाल्यावर येतं काय तू? येत असशीन तं राहू दे नाव. चार महिन्यायचा तं सवाल हाय, मी सांभाळून घेतो."

दीपमालानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले होते. येतो ना माय, कुठं जातो मी. पण पत्र तिच्या खिशातल्या फोनमध्ये होतं आणि माय तिच्या डोळ्यांत पाहत होती. तिनं ते शब्द गिळले आणि मान खाली घातली.

पंचफुलानं पिशवीतून पट्टी काढली आणि रजिस्टर मांडीवर ओढून घेतलं. दीपमालाच्या नावावर तिनं सरळ रेघ मारली. पुढं लिहिलं, 'बाहेरदेशी'. तारीख टाकली. एकूण माणसांच्या चौकटीत दोनाचा एक केला. या वेळी हात अडला नाही.

"रडू नोको," ती म्हणाली. "शिकाले मीच धाडलं ना तुले."

मग तिनं रजिस्टरचं शेवटचं पान काढलं. तिथं सात नावं होती, त्यांत रुक्माबाईचंही.

"हे काय, माय?"

"एकट्या राह्यतात त्यायची यादी. हप्त्यातून एक खेप आशानं जाऊन दार वाजवा लागते. जेवली काय, गोळी घेतली काय, इचारा लागते."

सात नावांखाली तिनं आठवं लिहिलं. पंचफुला, घर नंबर त्रेसष्ट. पुढच्या रकान्यात भेट देणाऱ्या आशाचं नाव लिहायचं असतं. तिथं तिनं वरच्या सात ओळींत लिहिलं होतं तेच लिहिलं. पंचफुला.

एका ओळीत दोनदा तेच नाव पाहून दीपमालानं त्यावर बोट ठेवलं. खोड ते, मी येतो, असं ओरडून म्हणावं असं तिला अगदी आतून वाटलं. पण आता ते म्हणणं म्हणजे न आलेल्या माणसापुढं 'हजर' लिहिण्यासारखंच झालं असतं, आणि ते मायला ताबडतोब कळलं असतं.

"तपासणाऱ्याची सई," माय म्हणाली आणि पेन तिच्या हातात दिला. "नीट पाहून कर."

दीपमालानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. सगळं बरोबर होतं. तिनं सही केली.