प्रसिद्ध करा

धसईच्या बाजाराची बातमी मी लिहिते, आणि चांगली लिहिते. हे मीच सांगून टाकते, कारण लोक सांगायला लागले की आधी 'दिसत नसूनसुद्धा' म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. मी रत्नप्रभा, जन्मापासून आंधळी. पडद्यावर बोट फिरवलं की कुठे काय आहे ते मोबाइल बोलून सांगतो, आणि मीही त्याला बोलूनच मजकूर सांगते.

आमच्या गावाचा ब्लॉग कल्याण-ठाण्याला नोकरीला गेलेलेही वाचतात. त्याचं सॉफ्टवेअर आटगावच्या इंद्रजीतने बनवलंय. वाचणाऱ्याची बाजू झकास. लिहिणाऱ्याची आतली बाजू, जिला सगळे अ‍ॅडमिन म्हणतात, ती मात्र माझ्यासाठी मुकी. बटणांवर नुसती चित्रं, नावं दिलेलीच नाहीत. लेख प्रसिद्ध झाला की एक हिरवी पट्टी चमकून जाते म्हणे. मोबाइल त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. झालं की नाही कळेना, म्हणून मी परत परत दाबलं, आणि भेंडीच्या भावाची एकच बातमी गावाने चारदा वाचली. बाजारात बरेच दिवस मला 'चार भेंडी' म्हणत होते.

मग प्रसिद्ध करायचं काम पंढरीकाकांनी स्वतःकडे घेतलं. काका तांदळाचे व्यापारी आणि ब्लॉगच्या मंडळाचे अध्यक्ष. "तू लिही गो, बटन मी दाबतो." मला बरंच वाटलं. पुढे मी लिहिलं, की भाजीवाल्या बायकांच्या शेडमध्ये तांदळाची पोती रचलीत आणि बायका बाहेर बसतात. पोती काकांची होती. बातमी आली, तो परिच्छेद गायब. विचारलं तर म्हणाले, "लांब झाली व्हती, जरा छाटली." त्या बायकांतली गोजाबाई उन्हाने चक्कर येऊन भाजीवर पडली होती, आणि हे छाटत बसले होते! त्याच दिवशी ठरवलं, माझं बटण मीच दाबणार.

इंद्रजीतला फोनवर सगळं सांगितलं आणि मुरबाडवरून शहापूरला त्याच्या ऑफिसात गेले. पठ्ठ्या तयारी करून बसला होता.

"ताई, खास तुमच्यासाठी वेगळं पान केलंय. दोनच बटनं. 'लिहा' आणि 'पाठवा'."

"पाठवा म्हंजे कुठं?"

"अध्यक्षांकडं. ते तपासून प्रसिद्ध करतील."

असा संताप आला! लग्नात सगळे पंगतीला बसतात आणि माझं ताट कुणीतरी आतल्या खोलीत आणून ठेवतं, 'तुला गर्दी नको गो' म्हणून. मायेनेच ठेवतात. जेवण तेच असतं, पण घशाखाली उतरत नाही. हे मी त्याला तसंच्या तसं ऐकवलं.

"पण ताई, अख्खं अ‍ॅडमिन बदलायचं म्हणजे..."

"तुजं अ‍ॅडमिन तू कधी आयकलंस का रे?"

मी इअरफोन काढला आणि पडद्यावरून बोट फिरवलं. मोबाइल ऑफिसभर बोलू लागला. "बटण. बटण. नाव नसलेलं बटण. बटण." इंद्रजीत हसला. मी बोट फिरवतच राहिले. हळूहळू त्याचं हसू थांबलं.

"ताई, यातलं प्रसिद्ध करायचं कोणतं?"

"तेच तर इचारायला आले."

त्याने खुर्ची ओढली आणि माझ्यादेखत ते वेगळं पान काढून टाकलं. मी भांडायची तयारी करून गेले होते, ती सगळी वाया गेली.

मुलगा कामाचा निघाला. प्रत्येक बटणाला नाव दिलं. हिरवी पट्टी आता मोठ्याने बोलते आणि मी बंद करेपर्यंत जागची हलत नाही. फोटो बोटाने ओढून लावावे लागत, तिथे 'वर घ्या' आणि 'खाली घ्या' आलं. तो नवं काही करून पाठवी, मी त्याला नावं ठेवी. एकदा वैतागून म्हणाला, "ताई, तुमी लई त्रास देता." म्हटलं, "मग, उगाच आले का?"

अ‍ॅडमिन तयार झालं तशी मी मंडळाच्या बैठकीत उभी राहिले. माझा लेख मीच लावीन, आणि काढायचा झाला तर मीच काढीन. आजवर काका म्हणत आले होते, तिला बटणं कळत नाहीत म्हणून मी दाबतो. आता ती सबब गेली. ठराव झाला.

पुढच्या बाजाराला मी शेडबाहेर गोजाबाईच्या शेजारी, तिच्याच गोणपाटावर बसले आणि पोत्यांची बातमी नव्याने लिहिली. या वेळी बायकांची नावंही घातली, त्यांना विचारून. बोट फिरवलं. "प्रसिद्ध करा, बटण." दाबलं.

"तुमचा लेख प्रसिद्ध झाला."

मला रडू आलं. गोजाबाई घाबरली, तिला वाटलं मलाही ऊन लागलं.

थोड्याच वेळात पंढरीकाकांचा फोन आला. "काय लिवलंस ह्ये? आताच्या आता काढून टाक! जमत नसल तर त्या इंद्रजीतला इचार, कुठलं बटन दाबायचं त्ये."

"कुठलं बटन दाबायचं त्ये मला बराबर म्हाईत हाय, काका," मी म्हटलं. "दाबनार नाय. तुमी पोती हलवा, ती बातमीपन मीच लावते."