चिमणी आणि कंपनी

गारठ्याच्या गाडीवर एकूण चौदा स्टिकर होते आणि त्यातले तेरा फुकटचे होते. म्हणजे कंपन्यांना फुकट; गारठ्याला नव्हे. तेलाच्या कंपनीनं पाच वर्षांपूर्वी एक डबा आणि दोन टोप्या दिल्या होत्या, त्यातली एक टोपी अजून त्याच्या डोक्यावर होती. बाकीच्यांनी तेवढंही दिलं नव्हतं. पण बिनस्टिकरची गाडी शर्यतीच्या मैदानात अगदी पोरकी दिसते, आणि पोरकं दिसायला कुणाला आवडतं? म्हणून पठ्ठ्यानं बरेचसे स्टिकर स्वतःच कापून आणून चिकटवले होते. आपल्या मागं कुणीतरी उभं आहे असं दिसावं, एवढंच.

त्याला गारठा म्हणायचे, कारण तो शीतगृहात कंप्रेसर सांभाळायचा आणि बोलण्यातूनही समोरच्याला तेवढीच ऊब द्यायचा. वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. राहायला एक खोली, गाडीला एक शेड, आणि वर्षाला आठ शर्यती. शर्यत तरी कसली? चारशे मीटर सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, आधी पिवळे दिवे, मग हिरवा, की बारा सेकंदांत खेळ खलास. हिरव्याच्या आधी चाक हललं तर लाल लागतो आणि माणूस बाद. या बारा सेकंदांसाठी तो आठवडेच्या आठवडे गाडीखाली पाठ घासायचा. बायको म्हणायची, "एवढ्यात तर दूधसुद्धा उतू जात नाही."

ती नऊ वर्षांपूर्वी लेकीला घेऊन दुसऱ्या शहरात राहायला गेली. भांडण असं झालंच नाही. भांडायलाही दोघं लागतात, आणि गारठा कायम गाडीखाली असायचा.

मैदानात त्याच्या शेजारची जागा पोपटाची. पोपटाचं टायरचं दुकान होतं आणि तोंडाला दिवसभर विश्रांती नव्हती. त्या शनिवारी, सराव चालू असताना, तो गारठ्याच्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"मला एक सांग, या स्टिकरांनी गाडी पळते का रे?"

"नाही."

"मिळतं काही?"

"टोपी."

"म्हणजे तू लोकांचा फुकटात हिंडता बोर्ड झालायस. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या! मी बघ, माझ्याच दुकानाचा एक लावलाय, संपला विषय." मग त्यानं डाव्या दारावर टिचकी मारली. तिथं बटाट्याला पाय फुटावेत तसा एक पक्षी होता आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरात 'चिमणी आणि कंपनी'. "आणि ही कंपनी काय बनवते रे? इतकी वर्षं विचारतोय."

"टॉर्च," गारठा म्हणाला आणि गाडीखाली सरकला.

खोटं नव्हतं ते. चौदातला तो एकच स्पॉन्सर, ज्यानं खरोखर स्वतःजवळचं काही दिलं होतं. लेक नऊ वर्षांची असताना तिनं ऐकलं की बाबांना स्पॉन्सर मिळत नाही. तिनं आपला निळा टॉर्च त्याच्या हातात ठेवला, वहीचं पान फाडून करार लिहिला आणि स्वतःचं चित्र दिलं. चिमणी हे तिचंच लाडाचं नाव. करारात चार कलमं होती.

'१. चिमणी डाव्या दारावरच राहील. २. गाडीवाल्याने दर शर्यतीनंतर कंपनीला फोटो पाठवणे. ३. हरला तरी पाठवणे. ४. चिमणी काढायची असेल तर कंपनीला विचारणे.'

खाली मालकिणीची सही, गाडीवाल्याची सही. ते पान प्लास्टिकमध्ये घालून गारठ्यानं गाडीच्या कप्प्यात ठेवलं होतं. टॉर्चही चालू होता. आत्ता तो दातांत धरूनच गारठा गिअरबॉक्सकडं बघत होता.

कराराच्या बाबतीत गारठा एकदा चांगलाच पोळला होता. स्पार्कप्लगची एक कंपनी उपांत्य फेरी गाठणाऱ्याला प्लगचा संच द्यायची; अट एकच, स्टिकर ठरल्या जागी हवा आणि फोटोत नीट दिसायला हवा. गारठ्यानं उपांत्य फेरी गाठली, पण स्टिकर दोन बोटं खाली लागला होता. संच गेला. त्या दिवशी त्यानं कानाला खडा लावला: स्टिकर म्हणजे करार आणि फोटो म्हणजे पुरावा. तेव्हापासून शर्यत संपली की तो डाव्या दारापाशी उकिडवा बसायचा, फडक्यानं धूळ पुसायचा, चिमणी बरोबर मधोमध घ्यायचा आणि फोटो पाठवायचा. सुरुवातीला बायकोच्या फोनवर, पुढं लेकीच्या. अकरा वर्षं, एकही शर्यत न चुकवता.

लहान होती तेव्हा लगेच उत्तर यायचं. "मस्त! आणि बाबा?" हा लिहायचा, "बाबा मजेत." पुढं पुढं नुसतं "आणि बाबा?" यायचं. हा तेच लिहायचा. मग तेही बंद झालं.

का बंद झालं ते त्याला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी तिची पोहण्याची अंतिम स्पर्धा होती आणि त्यानं येतो म्हणून सांगितलं होतं. त्याच दिवशी शर्यत होती. पहिल्या फेरीत हरलो की निघू, असा त्याचा हिशोब. नेमका तो दोन फेऱ्या जिंकला. संध्याकाळी, ती पदक जिंकून पाण्याबाहेर आली असेल त्या सुमाराला, त्यानं करारानुसार दाराचा फोटो पाठवला. चिमणी अगदी मधोमध होती. त्यानंतर तिचं उत्तर आलं नाही. फोटो पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा तेवढ्या यायच्या. गारठा त्या खुणा येईपर्यंत गाडीत बसून राहायचा आणि मग घरी जायचा. खोलीवर गेल्यावर बोलायला फ्रीज होता, आणि तोही त्यानंच दुरुस्त केल्यामुळं आता आवाज करत नव्हता.

त्या शनिवारी गिअरबॉक्सनं मान टाकली. तिसरा गिअर पडायचा आणि लगेच सुटायचा. नवा आणायची ऐपत नव्हती. गाडी विकायची, असं मनाशी ठरवत तो हात पुसत बाहेर आला, तर समोर इस्त्रीच्या शर्टात बॅटरी कंपनीचे साहेब उभे. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, पण छप्पर कुणाचं फाटतं ते कुणी सांगत नाही. साहेब गिअरबॉक्स द्यायला तयार होते, वर्षभराचे टायरही.

"दोन्ही दारं आमची," साहेब म्हणाले. "पूर्ण. प्रेक्षक डावीकडं बसतात, कॅमेराही डावीकडं, तेव्हा ते दार महत्त्वाचं. ही बदकाची जाहिरात काढावी लागेल."

"चिमणी आहे ती."

"असेल. शुक्रवारपर्यंत कळवा."

गारठ्यानं रात्र जाऊ दिली आणि सकाळी कामावर, कंप्रेसरच्या घरघराटात उभा राहून, लेकीला लिहिलं. साधं काही लिहिणं त्याला जमेना, तेव्हा अर्जच केला. "मालकीणबाई, चिमणी आणि कंपनी यांस. कलम चारप्रमाणे विचारतो. एक बॅटरीवाले डावं दार मागतात. गिअरबॉक्स गेला आहे. त्यांना नाही म्हटलं तर गाडी विकावी लागेल. चिमणी काढू का? आपला, गाडीवाला." खरं तर त्याला वेगळंच विचारायचं होतं. चिमणी काढली तर तुला काही पाठवायला माझ्याकडं कारण उरत नाही, मग मी काय करू, असं. पण ते कुठल्या कलमात बसत नव्हतं.

दोन निळ्या खुणा पाच मिनिटांत आल्या. उत्तर सोमवारी आलं नाही, बुधवारी आलं नाही, शुक्रवारीही नाही. मौन म्हणजे संमती, असं म्हणतात. म्हणणाऱ्याला लेक नसावी.

शुक्रवारी दुपारी तो स्टिकरवाल्या ताईंच्या दुकानात गाडी घेऊन गेला. दरवर्षी उन्हानं चिमणी विटली की ताईच ती नव्यानं कापून द्यायच्या, त्याच वाकड्या चोचीसकट. त्यांनी गरम हवेचं यंत्र हातात घेतलं आणि थांबल्या.

"नक्की ना भाऊ?"

"काढा."

कडा सुटली, मग चोच, मग पोट. सुटलेला स्टिकर गरम झाल्यामुळं स्वतःलाच चिकटून त्याचा गोळा झाला. खाली जिथं चिमणी होती तिथला लाल रंग ऊन न लागल्यामुळं गडद राहिला होता, त्यामुळं पक्ष्याचा आकार दारावर तसाच दिसत होता.

"ही काही जात नाही बघा," ताई म्हणाल्या. "वरून बॅटरी आली की झाकेल."

गारठ्यानं मान हलवली. गोळा त्यानं टाकला नाही, खिशात ठेवला. फार वाईट वाटलं त्याला. पन्नाशीच्या माणसाला दुकानात उभं राहून रडता येत नाही म्हणून तो बाहेर जाऊन टायरची हवा बघत बसला.

पुढच्या रविवारी गाडी अशी पळाली की पोपटाची बोलती बंद झाली. नवा गिअर लोण्यासारखा पडत होता. पहिली फेरी, दुसरी, उपांत्य. गारठा अंतिम फेरीत, आयुष्यात पहिल्यांदा. शर्यतीआधी टायर तापवून गाडी मागं घेताना प्रत्येकाचं कुणीतरी समोर उभं राहून हातानं दिशा दाखवतं, बायको, भाऊ, मित्र. गारठा नेहमीप्रमाणं आरशात बघून एकटाच मागं आला. दिवे पिवळे झाले. त्याच्या मनात आलं की लेकीला कळवायला हवं, आणि तेवढ्यात क्लचवरचा पाय सुटला. लाल लागला. बारा सेकंदसुद्धा लागले नाहीत.

बॅटरीवाले साहेब मात्र खूश होते. अंतिम फेरी म्हणजे कॅमेरे. त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि गाडीला टेकून उभ्या असलेल्या गारठ्याला म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला होता का? दार झाकलं जातंय."

तो बाजूला झाला. साहेबांनी दाराचे चार फोटो काढले आणि गेले.

सवयीनं गारठा फडकं घेऊन दारापाशी उकिडवा बसला, धूळही पुसली. फोन वर धरला तर समोर बॅटरी. आता ही काय म्हणून पाठवायची? त्यानं फोन खिशात टाकला. आजूबाजूला लोक गाड्या ट्रेलरवर चढवत होते, हाका मारत होते, एकमेकांना डबे देत होते. उन्हं कलली. त्याला घरी जायची घाई नव्हती, कधीच नसायची.

फोन वाजला. तीन वर्षांनी त्या नावाखाली अक्षरं होती.

"फोटो आला नाही."

गारठ्यानं ते तीनदा वाचलं. मग एका बोटानं लिहिलं, "हरलो."

"हरला तरी पाठवणे."

"चिमणी काढली. विचारलं होतं."

"माहीत आहे. फोटो पाठव."

"दारावर आता बॅटरी आहे."

मग आलं, "दाराचा कुणी मागितला होता? कलम दोन वाच."

त्यानं कप्प्यातून करार काढला. गाडीवाल्याने दर शर्यतीनंतर कंपनीला फोटो पाठवणे. पुन्हा वाचला. कशाचा, ते लिहिलंच नव्हतं. स्टिकरचा, दाराचा, पुराव्याचा, हे सगळं त्यानं आपल्या मनानं घातलं होतं, स्पार्कप्लगवाल्यांकडून शिकून.

"अकरा वर्षांत एकाही फोटोत तू नाहीस बाबा," लेकीनं लिहिलं होतं. "मी दर वेळी विचारायचे."

आणि बाबा? आणि बाबा? त्याच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. पोर इतकी वर्षं बापाला बघायला मागत होती आणि हा गाढव तिला 'मजेत' लिहीत होता.

त्यानं हात लांब करून स्वतःचा फोटो काढून पाहिला. अर्धं कपाळ आणि टोपी आली. दुसऱ्यांदा नुसतं आभाळ. शेवटी तो उठून पोपटाकडं गेला.

"एक फोटो काढतोस?"

पोपट टायर उचलता उचलता थांबला. इतक्या वर्षांत गारठ्यानं त्याच्याकडं पानासुद्धा मागितला नव्हता. "काढतो की. हो बाजूला, दार येऊ दे."

"दाराचा नको. माझा."

पोपटानं काही विचारलं नाही, हे त्याच्या जन्मात पहिल्यांदाच घडलं असावं. "टोपी काढ मग," तेवढं म्हणाला. "तोंड दिसत नाही."

गारठ्यानं टोपी काढली. हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून तीच दोन्ही हातांत धरून उभा राहिला. हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. पोपट म्हणाला, राहू दे, असाच बरा आहेस.

फोटो गेला. दोन खुणा आल्या, निळ्या झाल्या. लिहितेय असं दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. गारठा टोपी हातात धरून उभाच होता.

"बाबा," अखेर आलं, "तुझे केस कधी पिकले रे?"