बॉनेटखालचा बिनकामाचा पाहुणा

मी एक जुना हीटर आहे. मित्रांनो, मी चहाचं पाणी तापवणारा नव्हे; मोटारीच्या बॉनेटखाली, इंजिनाच्या पाठीशी बसणारा. इंजिनाचं गरम पाणी माझ्या तांब्याच्या नळ्यांतून फिरावं आणि माझ्या पंख्यानं त्याची ऊब आत बसलेल्यांना पोचवावी. हे माझं काम, पण ते थंड मुलखातलं. विलायती मोटारीसोबत मी हैदराबादेत उतरलो आणि तिथून भालकीच्या उन्हात येऊन पडलो. टकल्याच्या हाती कंगवा द्यावा, तशी माझी गत झाली. माझी तोटी वर्षानुवर्षं कुणी उघडलीच नाही.

बॉनेटखाली मी एकटाच बिनकामाचा नव्हतो. पहिल्या मालकांनी हौसेनं तीन भोंगे बसवले होते. दुसरे मालक कंत्राटदार. त्यांच्या काळात पेट्रोलचा पंप बिघडला, तेव्हा नवा बसवला आणि जुना तिथंच ठेवला. तिसरे मालक गुंडप्पा, भालकीचे बियाण्याचे व्यापारी. धूळ आत जाऊ नये म्हणून त्यांनी रेडिएटरच्या पुढे पत्राच ठोकून घेतला. रेडिएटर म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणारी जाळी. तिचंच तोंड बंद! जो मिस्त्री येई तो काहीतरी जोडून जाई. जुनं काढायची वेळ आली की म्हणे, असू द्या, खायला मागतंय का? अशा गर्दीत इंजिनाला वारा लागेना आणि गाडी जरा पुढे गेली की उकळायला लागे.

तेव्हा नुकतंच म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं होतं. भालकीच्या मोटारस्टँडजवळ अंकुशरावांचं गॅरेज होतं. जवळच्याच एका गावात त्यांच्या वस्तीनं विहार बांधला होता, आणि बिदरला बुद्धाची मूर्ती तयार होती. वैशाखी पौर्णिमेला ती बसवायची होती. मूर्ती प्लास्टरची. बैलगाडीच्या हादऱ्यांनी तिला तडा जाईल, ही राजूबाईंची धास्ती. राजूबाई वस्तीतल्या वडीलधाऱ्या. रस्त्याची खडी फोडण्यात त्यांचा जन्म गेलेला. विहाराच्या पायापासून मातीची पाटी त्यांच्या डोक्यावर होती. शेवटी अंकुशरावांनी गुंडप्पांकडे मोटार मागितली.

गुंडप्पा मनाचे कोते नव्हते, पण या गाडीला ते विटले होते. पौर्णिमेनंतर ती भंगारात द्यायचं त्यांनी ठरवलंच होतं. ते म्हणाले, नीट करून घेऊन जा. उकळल्याशिवाय परत आली तर ठेवीन, नाही तर भंगारवाला आहेच.

अंकुशरावांनी बॉनेट उघडलं आणि शेजारी गोणपाट अंथरलं. माणूस कमी बोलणारा, पण हात मोठा न्यायी. प्रत्येक वस्तू ते आधी नुसती सोडवत, इंजिन चालू करत आणि कान देऊन ऐकत. तिच्यावाचून इंजिन कुरकुरलं नाही, तरच ती गोणपाटावर जाई. भोंगे गेले, मेलेला पंप गेला, पत्रा गेला, कुठेच न पोचणाऱ्या वायरींचा भला मोठा गुंता गेला. उघडं, नीटनेटकं इंजिन पहिल्यांदाच डोळ्यांना दिसलं आणि खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला.

मग पाना माझ्याकडे वळला. मला काढायचं तर इंजिनाकडच्या भोकांना पितळी बुचं हवी होती, आणि तसली भालकीत मिळेनात. "तुझी पाळी बिदरहून आल्यावर," असं म्हणून त्यांनी माझ्यावर थाप मारली. फाशीचा दिवस सांगावा, तसं मला वाटलं.

पौर्णिमेला सकाळी गाडी बिदरला सुरेख गेली. अंकुशरावांनी लेथवर पितळी बुचं कातून घेतली, ती खिशात टाकली आणि सोबत आलेल्या राजूबाईंच्या मांडीवर मूर्ती ठेवून ते परत निघाले. गावात मूर्ती बसवायला आलेले भंतेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, थांबले होते. त्यांना संध्याकाळच्या बसनं जायचं होतं. सगळी वस्ती विहारापुढे जमली होती.

भर दुपारी चढ लागला आणि इंजिनाचा ताप दाखवणारा काटा वर सरकू लागला. बाहेरची गर्दी अंकुशरावांनी हटवली होती, पण रेडिएटरच्या आत साचलेला गाळ त्यांच्या ध्यानात आला नव्हता. सोबतचं पाणी संपलं. वाटेतली विहीर कोरडी. दर थोड्या वेळानं थांबत गेलं तर भंतेजींची बस निघून जाणार होती, आणि उकळलेली गाडी भंगारात जाणार होती.

अंकुशरावांनी बॉनेट उघडलं आणि घाम पुसत माझ्याकडे पाहिलं. मग पकडीनं त्यांनी माझी गंजलेली तोटी पिरगाळली. इंजिनाचा ताप मी ओढून घेतला तर त्याला उतार पडेल, हे त्यांनी ओळखलं होतं. पण तो ताप जाणार कुठे? थेट आतल्या माणसांच्या अंगावर!

"अक्का, आत भट्टी पेटवायलोय," ते म्हणाले. "सोसवल का तुला?"

राजूबाईंनी मूर्तीवर पदर धरला. "जलमभर दुसऱ्याच्या कामाचं ऊन सोसलं की रं. हे तर आपल्या कामाचं हाय. लाव."

मी लागलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नळ्यांतून पाणी धावलं. वैशाखाच्या उन्हात आतली माणसं भाजून निघाली. राजूबाईंच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता, पण हात हलला नाही. काटा खाली आला. चढ सरला. ऊन कलतं होताना मूर्ती विहारात पोचली, भंतेजींनी वंदना सुरू केली आणि राजूबाई कोरड्या ओठांनी त्यात सामील झाल्या.

दुसऱ्या दिवशी अंकुशरावांनी रेडिएटर उतरवून गाळ काढला. गाडी गारेगार चालू लागली. आता उपकार स्मरून ते मला राहू देतील, अशी मला आशा होती. त्यांनी खिशातून बुचं काढली आणि मला सोडवलं.

गुंडप्पा चकित झाले. "आरं, ह्यानंच तर तारलं काल. आता कामून काढायलास?"

"काल काम होतं, अप्पा. आज न्हाई. मायेपायी ठेवत गेलं की पुन्हा तीच गर्दी."

मला लागलं ते, नाही असं नाही. पण भोंग्यांना आणि मलाही एकच न्याय लावणाऱ्या त्या माणसाबद्दल मला आदरच वाटला. गुंडप्पांनी गाडी ठेवली. भंगारवाला आला, तेव्हा अंकुशरावांनी गोणपाटावरून मला उचलून फळीवर ठेवलं. हे विकायचं नाही, एवढंच ते म्हणाले.

मित्रांनो, जे नको ते खुशाल काढा, पण काढण्याआधी त्याचं काम काय होतं, ते एकदा विचारा; आणि काढलंत तरी हाताळा मायेनं. माझ्यावाचून गाडी छान चालते, असं ऐकलं की आता मला वाईट वाटत नाही. एक दिवस ती माझ्यावाचून चालली नसती, हे राजूबाईंना ठाऊक आहे.