तीनच्या आधीचं ऊन

दुपारी शिंप्याच्या दुकानात ऊन खिडकीतून उतरायचं आणि मांजराच्या पावलांनी फरशीवर सरकायचं. आज मास्तर त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते.

मागच्या आठवड्यात, बरोबर तीनला, शेजारचं कापडाचं गोदाम पेटलं. रखवालदार अजून दवाखान्यात होता. संशय आला मास्तरांच्या धाकट्या भावावर, कारण गोदामवाल्याशी झालेलं त्याचं भांडण सगळ्या गल्लीने ऐकलं होतं; पोलिसांनी त्याला चौकीत धरून ठेवलं होतं. पण दुकानातल्या कॅमेऱ्यात तीनला धाकटा इस्त्री करताना दिसत होता. त्या एका चित्रावर त्याची सुटका लटकली होती.

ते चित्रण तपासायला पोलिसांच्या प्रयोगशाळेतल्या बाई आल्या होत्या. मूळ चित्रण सीलबंद होतं, त्यांच्या लॅपटॉपवर त्याची हुबेहूब प्रत. पडद्यावर धाकटा, कोपऱ्यात तीनचे आकडे आणि उन्हाची कड शिलाई मशीनच्या पायाला टेकलेली.

"आगीनंतर वीज गेली आणि कॅमेऱ्याचं घड्याळ नव्याने लागलं," लहान मुलांना समजवावं तशा बाई सांगत होत्या. "आधी ते खरं चालत होतं का, हे आता उन्हाला विचारायचं. आठवड्याभरात ऊन फारशी जागा बदलत नाही. आजही ते तीनलाच पायाला टेकलं, तर घड्याळ खरं."

"आणि आधी टेकलं तर?"

"तर घड्याळ पुढे होतं, आणि या तीननंतर लगेच तो चित्रातून बाहेर जातो. मग आग लागली तेव्हा तुमचा भाऊ इथे होता, असं म्हणता येणार नाही. उलट लोक म्हणतील, त्यानेच वाचण्यासाठी काटे फिरवले."

"तो कसला फिरवतोय! त्याला साधं बटण धड लावता येत नाही," मास्तर हसले. पण नजर उन्हावरून काढली नाही.

उजेडात धाग्यांचे तंतू तरंगत होते. पडद्यावरचं ऊन थिजलेलं, फरशीवरचं चालत आलेलं. बघता बघता मास्तरांना दोन्ही दुपारी एकात एक मिसळल्यासारख्या वाटल्या. मागे धाकटा इस्त्री फिरवतोय, आता म्हणेल, 'दादा, चहा टाकू का?' रांगायचा तेव्हा तो याच फरशीवर ऊन मुठीत धरायचा आणि मूठ उघडून रडायचा.

कड मशीनच्या अगदी जवळ आली. तीन वाजायला अजून बराच अवकाश होता.

'थांब ना जरा,' मास्तर उन्हाला मनातल्या मनात म्हणाले. ते थांबलं नाही.

"बाई, लिहून घ्या. भिंतीवरचं घड्याळ मी पुढे ठेवायचो," ते एकदम बोलले. "गिऱ्हाइकाचे कपडे वेळेवर व्हावेत म्हणून. कॅमेरा बसवणाऱ्याने तेच बघून कॅमेऱ्याची वेळ लावली. धाकट्याला यातलं काही ठाऊक नाही."

बाईंनी मान वर केली. "मास्तर, आधी का नाही सांगितलंत?"

"सुटत होता ना तो."

ऊन मशीनच्या पायाला टेकलं. बाईंनी फोटो काढला, वेळ टिपली. "त्याने काटे फिरवल्याचा आळ गेला," त्या हळूच म्हणाल्या. "पण तीनला तो कुठे होता, हे आता त्यालाच सांगावं लागेल."

"मी विचारतो," मास्तर म्हणाले. "माझ्याशी तो खोटं बोलला, तर मला कळतं."

त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि पोलीस चौकीकडे निघाले.